वहिनीच्या बाळंतपणाआधी आई-बाबांना पत्र

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांचे अँजिओप्लास्टीनंतरचे रिपोर्ट दादाने पाठवले. ते बघून जीव भांड्यात पडला. गोळ्या वेळेवर घ्या आणि सकाळचं फिरणं चालू ठेवा. माझ्या बाळंतपणाला येता आलं नाही याची रुखरुख दोघांनीही आता सोडून द्या. त्या वेळी बाबांच्या उशाशी असणंच आईचं काम होतं.

पत्र लिहायचं कारण वहिनी. तिला सातवा लागला. माहेरी तिची आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी सांगलीला करायचं तुम्ही ठरवलंत, हे ऐकून मला फार बरं वाटलं. व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला बाळ दाखवत राहिले आणि स्वतःबद्दल “सगळं छान” एवढंच सांगत राहिले. बाबांना घोर लागू नये एवढाच हेतू होता. पण आता तुमच्या घरात बाळंतीण येणार आहे, तेव्हा माझं कसं झालं ते नीट सांगते. बाबा, हे बायकांचं आहे म्हणून पत्र आईच्या हातात देऊ नका. यात तुमच्यासाठी बरंच काम आहे.

इथे सगळं नीट चाललेल्या गरोदरपणात डॉक्टरांकडे फारसं जावंच लागत नाही. सुईणच तपासते आणि बाळंतपणही तीच करते. ही सुईण म्हणजे कॉलेजात चार वर्षं शिकून आलेली. पुष्कळ बायका घरीच बाळंत होतात. माझाही तसाच विचार होता, पण पाणमोट फुटली तेव्हा पाणी हिरवट दिसलं, म्हणजे बाळाने आत शी केली होती. मग लगेच दवाखाना. कळा इतक्या वाढल्या की मी पाठीतलं इंजेक्शन मागितलं आणि त्यांनी दिलं. आई, हे मी तुला मुद्दाम सांगतेय. वहिनीने असं काही मागितलं तर कोणी तिला “आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही” असं म्हणू नये. कळा सोसल्या म्हणून आई मोठी होत नाही आणि इंजेक्शन घेतलं म्हणून लहान होत नाही.

पोर पहाटे झाली. ओली, गरम, तशीच माझ्या छातीवर ठेवली. नाळ ह्यांनी कापली. मला टाके पडले. नंतर नर्स एक ताटली घेऊन आली. गोल टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेत घोळवलेले गुलाबी-पांढरे दाणे. इथे बाळ झालं की हेच वाटतात, मुलगा असेल तर निळे-पांढरे. 1938 साली राजकन्या बेआट्रिक्स जन्मली तेव्हा राजघराण्याच्या रंगाचे, नारिंगी दाणे केले होते म्हणे. एक दाणा चावला आणि आत बडीशेपेसारखी चव. ह्यानं दूध येतं असं इथल्या जुन्या बायका मानायच्या. तू पाठवलेल्या बाळंतशोपा घरी डब्यात होत्याच. इतक्या लांबच्या बायकांनीही बाळंतिणीच्या तोंडात तेच घातलं, ह्याचं मला त्या अवस्थेतही नवल वाटलं आणि तुझी खूप आठवण आली.

पण मला सांगायचंय ते घरी आल्यानंतरचं. इथे बाळंतिणीकडे पहिले आठ-दहा दिवस एक शिकलेली बाई घरी येते. ह्या सोयीला क्रामझोर्ग म्हणतात. गरजेप्रमाणे एकूण 24 पासून 80 तासांपर्यंत ती मिळते, खर्च बराचसा आरोग्य विम्यातूनच भागतो आणि ताशी थोडे पैसे आपण भरायचे. ती येण्याआधीच पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच करून घ्यावा लागतो, कारण वाकून वाकून तिची पाठ जायला नको. काम करणाऱ्या बाईच्या पाठीचा असा विचार मी पहिल्यांदाच पाहिला.

मला वाटलं होतं ती बाळासाठी येणार. ती आली आणि आधी माझ्याकडे वळली. रोज सकाळी ताप, नाडी. मग पोटावर बोटं ठेवून पिशवी कितपत खाली गेली ते बघायची. साधारण रोज एक बोट उतरायला हवी. अंगावरून किती जातंय, गाठी पडतायत का, लघवी नीट होतेय का, टाके कोरडे आहेत का, हे सगळं विचारायची, बघायची आणि एका वहीत लिहायची. लघवी करताना टाक्यांवर कोमट पाणी ओतायचं, म्हणजे आग होत नाही, हे तिनेच शिकवलं. मी पहिल्यांदा आंघोळीला गेले तेव्हा चक्कर येईल म्हणून ती दाराबाहेर उभी राहून बोलत राहिली. बाळाचं वजन, किती वेळा प्यायली, किती लंगोट ओले झाले, हेही त्याच वहीत. सुईण येऊन ती वही वाचायची. बाळाची आंघोळ तिने ह्यांना शिकवली, मला पडून राहायला सांगून.

तिसऱ्या रात्री पान्हा दाटला. छाती दगड झाली, पोरीला तोंडात धरता येईना, ती रडून लाल आणि मी तिच्याहून जास्त. सकाळी ती बाई आली तरी माझं रडं थांबेना. कशासाठी रडतेय हेही सांगता येईना. तिने ह्यांच्याकडे पोर देऊन त्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं, चहा दिला आणि नुसती बसली. “रडू नको” म्हणाली नाही. नंतर म्हणाली, हे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाला बहुतेकींना होतं, संप्रेरकं एकदम उतरतात, दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर मला सांग. मग गरम कपड्याने शेकून, थोडं दूध हाताने काढून, पोरीला कसं धरायचं ते दाखवलं. दुपारी मंडळातल्या दोन मैत्रिणी बाळ बघायला येणार होत्या, त्यांना तिनेच फोन करून आठवड्याने या म्हणून सांगितलं.

त्याच रात्री मी तुला फोन केला होता, आई, आणि तू मला माझ्या वेळचं सांगितलंस. मागच्या खोलीत, शेगडीच्या धुरात, खिडकी बंद. चीक पिळून टाकायला लावला होता. मध चाटवला होता. तू पदर तोंडात कोंबून रडायचीस आणि बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं, असं तुला बजावलं होतं. इतकी वर्षं तू हे कोणालाच सांगितलं नव्हतंस. आजीवर माझा राग नाही, तिलाही तसंच वागवलं असणार. पण वहिनीच्या वाट्याला यातलं काहीही येऊ नये, एवढं मला ह्या पत्रात मागायचंय.

तिला समोरची खोली द्या, ऊन येतं ती. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने. बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच, तो वायू आईला आणि बाळालाही घातक असतो. चीक पहिल्या तासातच बाळाच्या पोटात जाऊ दे. मध मुळीच नको, वर्षाच्या आत मधातून बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. गुटी, ग्राइपवॉटर, पाणी, काहीच नको, सहा महिने फक्त दूध. काकूंनी सहाण आणि मुरुडशेंग आणून ठेवली असेल तर ती असू दे कपाटात. तुझे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मात्र कर, भरपूर कर. माझ्या वाटचीही तिला दे. आणि तिचं पाणी तोडू नका. तहान लागेल तेव्हा प्यायला हवं.

“दूध पुरतंय ना?” हा प्रश्न घरात कोणी विचारायचा नाही. पाचव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत असले आणि पहिल्या दिवसांत उतरलेलं वजन पुन्हा चढायला लागलं, म्हणजे पुरतंय.

वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलंय म्हणून आई घाबरली आहे, असं दादा म्हणाला. सातव्या महिन्यात खाली असलेली वार पुष्कळदा पुढे वर सरकते. नाहीच सरकली तर सिझर करतील. तसं झालं तर तिला दुसऱ्या दिवशी उठवून चालवतील, पण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू देऊ नका आणि पोटाला मालीश नको. त्याआधी मात्र केव्हाही रक्त गेलं, थोडं असलं तरी, ताबडतोब दवाखाना. गाडी नसेल तर 108.

बारसं बाराव्या दिवशी नको. पाचवीला सटवाईची पूजा घरच्या घरी करा, मला ती आवडते. पाहुणे सव्वा महिन्यानंतर बोलवा. वहिनीला शाळेतून 180 दिवस रजा आहे, त्यात आपण इथल्यापेक्षा पुढे आहोत, इथे बाळंतपणाआधीची धरून सगळी 16 आठवडे. पण इथे बापाला एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते आणि वर पाच आठवडे 70 टक्के पगारावर. दादाच्या कंपनीत तसं काही नाही. त्याने साठलेली रजा आत्ताच मांडून ठेवावी आणि रात्रीचे लंगोट त्याने बदलावेत. बाबा, हे तुम्ही त्याला सांगा. माझं तो हसण्यावारी नेतो, तुमचं ऐकतो.

आणि बाबा, ती वही तुम्ही ठेवा. बँकेत इतकी वर्षं लेजर लिहिलंत, तुमच्याइतकं नेटकं कोणी लिहिणार नाही. रोजचा ताप, बाळाचं वजन, लंगोट. पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहा: तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, 38 अंश सेल्सिअसवर ताप गेला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, श्वास लागला, तर वाट बघायची नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्तदाब अचानक चढू शकतो.

शेवटचं आईला. वहिनी रडली तर रडू दे. पण दोन आठवडे उलटल्यावरही ती तशीच असली, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, बाळाकडे बघवेना किंवा “मी नसते तर बरं झालं असतं” असं काही बोलली, तर ते नाटक नाही, दृष्टही नाही. तो आजार आहे आणि औषधाने बरा होतो. डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री 14416 ह्या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन लावला तर मराठीत बोलायला माणूस मिळतो. आणि मला त्या रात्री फोनवर जे सांगितलंस ते तिलाही सांग, डोहाळजेवण झाल्यावर, दोघीच असाल तेव्हा. ती विचारणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तूच सुरुवात कर.

पोरीचं वजन छान वाढतंय. तू शिवलेली कुंची आता घट्ट व्हायला लागली आहे, थोडी मोठी एक शिवून ठेव. उन्हाळ्यात आम्ही येतोय, तोवर दोन्ही भावंडांना शेजारी शेजारी निजवता येईल.

तुमची
बबडी