आमची मुलगी सोवेटोत नांदते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशात स्थायिक झालेल्या पुणेकर मुलामुलींवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण अमेरिका, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सोडून आपली पोरं कुठं जातच नाहीत असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. मी पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, 31 वर्षं ड्रायव्हर होतो, गोखलेनगरला पूरग्रस्त वसाहतीत राहतो आणि माझी एकुलती एक मुलगी लग्न होऊन सोवेटोत राहायला गेलीये. सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गच्या नैऋत्येची कामगारांची वस्ती. नाव आफ्रिकन वाटतं पण ते साऊथ वेस्टर्न टाऊनशिप्सची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे, सरकारी कागदावरचं नाव.

जावई मूळचा तिथलाच, पण इथं पुण्यात शिकायला होता, मुलीच्याच कॉलेजात. आता तिकडं शाळेत गणित शिकवतो. लग्न ठरल्यापासून आजतागायत मला एकच प्रश्न विचारतात, अहो तिथं मुलगी सेफ आहे का? काळजीनं विचारतात हे कळतं, मलाही तीच काळजी होती. आमची ही तर महिनाभर जेवली नाही धड. लग्नाचे कागद, पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे असं सगळं करून मुलीचा व्हिसा आला तेव्हा घरात आनंदापेक्षा रडारडच जास्त झाली. म्हणून 2023 च्या मे महिन्यात मी स्वतः गेलो आणि अडीच महिने राहिलो.

त्यांचं घर ऑर्लँडो वेस्टमधे आहे. पुढं चार छोट्या खोल्यांचं जुनं विटांचं घर, त्यात जावयाची आजी राहते, तिला सगळे गोगो म्हणतात, गोगो म्हणजे आजी. मागच्या अंगणात वेगळी बांधलेली खोली, वर पत्रा, त्यात मुलगी-जावई. अशा मागच्या खोल्या तिथं घरोघरी आहेत, कुणी भाड्यानं देतं, कुणाचा मुलगा राहतो. पहिल्याच दिवशी शेजारची पोरं येऊन मला बाबा बाबा म्हणायला लागली, मला वाटलं मुलीनं शिकवलं असणार. तर नाही, झुलू भाषेत वडलांना बाबाच म्हणतात आणि वयस्कर माणसाला कुणीही बाबा म्हणतं, जसं आपण अनोळखी माणसाला काका म्हणतो. त्या एका शब्दानं माझा अर्धा परकेपणा गेला हे मी खरं सांगतो.

मी ड्रायव्हर माणूस, त्यामुळं टॅक्सीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथं टॅक्सी म्हणजे पंधरा-सोळा सीटची पांढरी व्हॅन, आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. वस्तीतले बहुतेक लोक त्यानंच कामाला जातात. रस्त्यावर उभं राहून बोटानं खूण करायची, तर्जनी वर केली की जोहान्सबर्ग शहरात जायचंय, खाली केली की इथंच वस्तीत. चौकातल्या सिग्नलला रोबोट म्हणतात. कंडक्टर नसतो. मागचे लोक पैसे पुढच्याच्या हातात देतात, ते हातोहात पुढं येतात आणि ड्रायव्हरशेजारी बसलेला प्रवासी मोजून सुटे परत मागं पाठवतो. हे मला माहीत नव्हतं, मी सवयीनं पुढं जाऊन बसलो आणि बघता बघता मांडीवर नाणी आणि नोटांचा ढीग. मागून मुलगी ओरडली, बाबा, हे दोघांचे, हे तिघांचे! शेजारच्या बाईनं माझ्या तळहातावर नाणी लावून दाखवली, ही पाचाची, ही दोनाची. एका पोराला मी जास्त परत दिले होते तर ते परत हातोहात माझ्याकडं आले. शेवटी हिशोब एका रँडनंही, म्हणजे तिथल्या रुपयानंही, चुकला नाही. 31 वर्षं गाडी चालवली पण असा प्रवास केला नव्हता. टॅक्सीवाल्यांच्या रूटवरनं भांडणं होतात, गोळ्या चालतात, माणसं मरतात, हेही तितकंच खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

सेफ आहे का, तर मुलगी अंधार पडल्यावर एकटी बाहेर जात नाही, रस्त्यात मोबाईल काढत नाही, खिडक्यांना गज आहेत. एका रात्री लांबून फटाक्यासारखे आवाज आले, गोगोनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि थोडा वेळ नुसती ऐकत बसली, मग उठून दाराची कडी बघून आली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, तिथं त्याला स्पाझा म्हणतात, एक बांगलादेशी मुलगा चालवतो, जाळीच्या आतनंच सामान देतो. माझ्याशी हिंदीत बोलायला मिळतं म्हणून खूष व्हायचा. 2008 साली बाहेरच्या देशातून आलेल्यांवर हल्ले झाले, साठाहून जास्त माणसं मारली गेली, ती भीती अजून आहे म्हणाला. नोकऱ्या नाहीत, दर तीन माणसांत एक बेकार, त्याचा राग कुणावर तरी निघतोच.

पण मुलगी आजारी पडली तेव्हा काय झालं तेही लिहितो. रात्री दोनला ताप चढला, लाईट गेलेली, कारण त्या वर्षी तिथं भारनियमन भयंकर होतं, रोज कित्येक तास, वेळापत्रक मोबाईलवर यायचं. जावई शाळेच्या कामानं बाहेरगावी. गोगोनं समोरच्या घराचं फाटक वाजवलं, तो माणूस बनियनवर गाडी काढून आला आणि आम्हाला ‘बारा’ नावाच्या हॉस्पिटलला घेऊन गेला. पूर्ण नाव ख्रिस हानी बारागवानाथ, जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलांपैकी एक. सकाळपर्यंत तो माणूस बाकड्यावर माझ्याशेजारी बसून होता, पेट्रोलचे पैसे घेईना.

गोगोचं वय तेव्हा 76. ती मूळची जोहान्सबर्गमधल्या सोफियाटाऊनची. फेब्रुवारी 1955 मधे सरकारनं पोलीस आणून ती वस्ती उठवायला सुरुवात केली, कारण शहराजवळच्या जमिनीवर काळ्या माणसांनी राहायचं नाही, आणि लोकांना ट्रकमधे घालून सोवेटोतल्या मेडोलँड्सला नेऊन टाकलं. ती आठ वर्षांची होती. तिला एकच आठवतं, आईनं चूल विझवली नव्हती आणि भांडं गरमच ट्रकमधे ठेवलं. मी तिला मुलीमार्फत सांगितलं की आमचंही घर नदीकाठी नारायण पेठेत होतं, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि ते गेलं, मी तेव्हा तान्हा होतो, मग आम्ही गोखलेनगरला आलो. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तुमचं घर पाण्यानं नेलं, आमचं कायद्यानं.

त्याच काळातल्या कायद्यानं भारतीय वंशाच्या लोकांना लेनेशियाला हलवलं, सोवेटोपासून लांब नाही, मुलगी डाळी आणि कढीपत्ता तिथनंच आणते. त्याच्या पुढं टॉलस्टॉय फार्मची जागा आहे, गांधीजींच्या तिथल्या आश्रमाची. आपले नामदार गोखले 1912 ला दक्षिण आफ्रिकेत गेले होते तेव्हा तिथं राहिले होते, हे मला पुण्यात साठ वर्षं काढूनही माहीत नव्हतं.

16 जूनला गोगो मला हेक्टर पीटरसनच्या स्मारकाला घेऊन गेली, घरापासून चालत. 1976 ला शाळेत गोऱ्या सरकारनं स्वतःची आफ्रिकान्स भाषा लादली म्हणून पोरांनी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात गेलेला हा हेक्टर 12 वर्षांचा होता. कडाक्याची थंडी, जूनमधे तिथं हिवाळा असतो, गोगो शाल घट्ट धरून उभी. नंतर रस्त्यावर आम्ही कोटा खाल्ला, म्हणजे पावाचा चतकोर पोखरून त्यात बटाट्याच्या फोडी आणि कैरीचं लोणचं. लोणच्याला ते अच्चारच म्हणतात. गोगोची रविवारची स्टॉकव्हेल म्हणजे हुबेहूब आमच्या हिची भिशी, वही सुद्धा तशीच निळी.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. हाच जावई पुण्यात असताना त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना खोली मिळत नव्हती. मुलगी सोबत फिरायची. एका सोसायटीत ॲडव्हान्स घेऊन दुसऱ्या दिवशी परत केला, मेंबरांची हरकत आहे म्हणाले. एका ठिकाणी दारातनंच हात हलवून जा म्हणून सांगितलं. बसमधे शेजारची सीट रिकामी असून लोक उभे राहायचे, हे तर मी माझ्याच गाडीत आरशातनं पाहिलेलं आहे आणि तेव्हा मी काही बोललो नाही. तिकडं माझ्या मुलीला अख्ख्या गल्लीनं सिसी, म्हणजे ताई, म्हणून घरात घेतलं, आणि इथं त्यांच्या पोरांना आपण जिन्यातनं परत पाठवतो, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

जावयाची धाकटी बहीण जुलैमधे पुण्यात शिकायला येतीये. आमची वरची खोली रंगवून ठेवलीये, खिडकीला जाळी बसवली, ही रोज जाऊन झाडून येते. तिच्याबरोबर अजून दोघी मुली आहेत, त्यांना आमच्याकडं जागा पुरत नाही. गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडी, सेनापती बापट रोड या भागात कुणाकडं खोली असेल तर कृपया आपल्या ऑफिसात निरोप ठेवावा. भाडं वेळेवर मिळेल, जबाबदारी माझी, लिहून देतो.

आपला,
एक निवृत्त पीएमटी ड्रायव्हर, गोखलेनगर, पुणे
(नाव छापू नये, पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे.)