पॅटर्न शॉपच्या कपाटातले रंधे : मेस्त्रींना आभाराचं पत्र

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमधल्या (ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायची जागा) जुन्या रंध्यांची ओळख पटवून किंमत ठरवून दिलीत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. पत्र मात्र जाहीरच लिहायचं ठरवलं, कारण तुम्ही लावून दिलेली पद्धत जुनी हत्यारं घेणाऱ्या-विकणाऱ्या कुणालाही कामाला येईल.

तुमचा पहिला हुकूम होता की तारेचा ब्रश, सँडपेपर आणि रंगाचा डबा कपाटापासून लांब ठेवा. गंज दिसला की हात शिवशिवतात. पण संग्राहक पैसे देतो ते बिडावरच्या मूळ काळ्या जपान लेपाला (भट्टीत भाजून बसवलेल्या चकचकीत काळ्या रंगाला). तो किती टक्के शिल्लक आहे हे तो आधी विचारतो. नव्याने रंगवलेला रंधा सुताराला चालतो, संग्राहक तो बाजूला ठेवतो. शिवाय पात्यावरचा शिक्का घासला की रंध्याची ओळखच जाते. म्हणून ओळख पटेपर्यंत फक्त केरोसीनचं फडकं आणि मऊ ब्रश. बाकी साफसफाई यादी झाल्यावर.

दुसरी गोष्ट स्टॅनली या अमेरिकन कंपनीच्या रंध्यांवरच्या तारखांची. फ्रॉगच्या, म्हणजे पातं ज्यावर टेकतं त्या तिरक्या बैठकीच्या मागे, बिडाच्या अंगातच ओतलेल्या तारखा असतात : 25 मार्च 1902, 19 ऑगस्ट 1902, 19 एप्रिल 1910. तिन्ही असतील तर रंधा साधारण 1910 ते 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धातला. पहिल्या दोनच असतील तर बहुधा त्याच्या आधीचा, आणि एकटी 1910 ची असेल तर 1920 च्या दशकातला. गिऱ्हाईक इथेच फसतं. तारीख पेटंटची असते, रंध्याच्या जन्माची नसते, त्यामुळे ती फक्त एवढंच सांगते की रंधा त्याआधीचा नाही. मग बाकीचे भाग त्या काळाशी जुळतात का ते बघायचं. पुढची मूठ बुटकी असेल तर साधारण 1919 पर्यंतची, उंच असेल तर नंतरची. पात्यावर हृदयाच्या आकृतीतला शिक्का 1920 ते 1935 चा. लिव्हर कॅपचं (पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचं) भोक किल्लीच्या भोकासारखं असेल तर 1933 च्या आधीचं, मूत्रपिंडाच्या आकाराचं असेल तर नंतरचं. तीन तारखांच्या अंगावर मूत्रपिंडी भोकाची कॅप दिसली, की तो दोन-तीन रंध्यांतून जुळवलेला समजायचा. तो काम करेल, पण त्याला संग्राहकाची किंमत लावायची नाही.

यात तुम्ही घातलेली भर कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. फाउंड्रीत पॅटर्न झिजेपर्यंत वापरतात आणि बिनमधले जुने सुटे भाग संपेपर्यंत जोडतात, हे तुम्ही आयुष्यभर बघितलेलं. म्हणून एखाद-दोन वर्षांची सरमिसळ तुम्ही सोडून देता, पंधरा वर्षांची मात्र सोडत नाही. हे काळाचे प्रकार नंतरच्या संग्राहकांनी पाडलेले आहेत, कंपनीने नव्हे, हेही तुम्ही वारंवार बजावलंत. पुराव्याचा क्रमही तुमचाच : आधी अंग, मग फ्रॉग, मग लिव्हर कॅप, मग मुठी आणि सगळ्यात शेवटी पातं. पातं झिजतं आणि बदललं जातं, त्यामुळे त्याच्या शिक्क्यावरून रंध्याचं वय ठरवणाऱ्याकडून काही घेऊ नये.

हा तक्ता अमेरिकन मालाचा आहे हे तुम्ही मध्येच थांबवून सांगितलंत ते बरं झालं. आपल्याकडे इंग्लंडचा मालच जास्त दिसतो. अंगावर किंवा पात्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर वरच्या तारखा विसरायच्या. स्टॅनलीचं तिथलं उत्पादन 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा रंधा 1931 पासूनचा, निळ्या रंगाचा, आकड्याआधी शून्य असलेला : 04, 05. कामाला उत्तम, पण भाव सुताराचाच.

क्रमांक 1 च्या रंध्याबद्दल तुम्ही सांगितलंत ते पॅटर्नमेकरच सांगू शकतो. हा साडेपाच इंची, सव्वा इंच पात्याचा सगळ्यात छोटा स्टॅनली. अमेरिकेत चांगल्या अवस्थेतला नग हजार डॉलरच्या पुढे जातो, म्हणून त्याच्या नकलाही ओतल्या जातात. खरा रंधाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबून नक्कल ओतली, तर थंड होताना बीड आकसतं : फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. साडेपाच इंचाला हे जवळपास दीड मिलिमीटर होतं. म्हणजे 139.7 मिमीचा रंधा 138 च्या आसपास भरतो. व्हर्नियर लावला की दिसतं. एकट्या मापावर निकाल द्यायचा नाही, कारण घासकामातही लांबी थोडी कमी-जास्त होते. ओतीव कडा बोथट झाल्या आहेत का, पोत खरखरीत आहे का, हेही बघायचं. खऱ्या नगावर क्रमांक बहुधा नसतोच, त्यामुळे ठळक ‘1’ दिसला तर आनंदाआधी शंका यायला हवी.

भेगेची चाचणीही फाउंड्रीचीच. पातं, कॅप, फ्रॉग काढून अंग दोरीला टांगायचं आणि लाकडी मुठीने हलकं ठोकायचं. अखंड बीड खणखणतं, भेग असेल तर आवाज बद्द येतो. शंका राहिली तर तोंडाभोवती (पातं तळातून बाहेर येतं त्या फटीभोवती) केरोसीन लावायचं, दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि खडूची पूड भुरभुरायची. भेगेतलं केरोसीन पुडीवर रेघ उमटवतं. तोंडाच्या कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीकडे जाणारी भेग सगळ्यात वाईट. अशा रंध्याची किंमत सुट्या भागांची धरायची, वेल्डिंग कितीही सफाईदार असलं तरी.

कपाटातला सगळ्यात मोलाचा नग स्टॅनलीचा 57 निघाला, तो निव्वळ तुमच्यामुळे. आम्ही त्याला मोडका म्हणून बाजूला काढायला निघालो होतो. कोअर बॉक्सचा, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा (कोअर) ज्यात घडवतात त्या लाकडी साच्याची खोबण कोरायचा, हा रंधा दिसायलाच विचित्र. त्याचे दोन तळ एकमेकांशी काटकोनात आणि पात्याचं टोक त्या कोनात. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून दोन्ही तळ खोबणीच्या दोन काठांवर टेकले की टोक आपोआप अर्धवर्तुळावर फिरतं. 56 हा लहान भाऊ. 57 ला मोठ्या व्यासासाठी वाढीव पंख जोडता येतात, आणि बहुतेक वेळा तेच हरवलेले असतात. तपासायचं ते गुण्याने. रंधा पडून किंवा झिजून कोन काटकोनापेक्षा मोठा झाला असेल तर खोबण उथळ होते, दोन अर्धे जोडून केलेला कोअर गोल न होता लंबगोल होतो. सुताराच्या दुकानात अशा रंध्याला कुणी विचारत नाही. ज्याला त्याचा उपयोग माहीत आहे तोच दाम देतो.

बाकीचं थोडक्यात. क्रमांक 4 आणि 5 सगळ्यात जास्त खपलेले, त्यामुळे ते पूर्ण आणि स्वच्छ असले तरी भाव साधाच. मागच्या मुठीचं वरचं शिंग तुटलेलं असेल, पातं डावी-उजवीकडे हलवायची लिव्हर गायब असेल किंवा पातं खाचेच्या जवळ येईस्तोवर घासलेलं असेल, तर तेवढी वजावट. 1942 ते 45 चे, रबरी नटाचे आणि साध्या लाकडाच्या मुठींचे रंधे संग्राहकाला नकोसे असतात, पण अंग जाड, म्हणून रोजच्या कामाला तुम्ही तेच उचललेत. आणि स्टॅनलीचे आटे बाजारातल्या स्क्रूंसारखे नाहीत. मुठीच्या बोल्टला इंचात 20 आटे, खोली लावणाऱ्या पितळी नटाला डावे आटे. तिथे मेट्रिक स्क्रू पाना लावून घुसवला की बिडातले आटे जातात, आणि मग तो रंधा विकायचाही राहत नाही.

यादी तुमच्या क्रमानेच लिहिली आहे : अंग, फ्रॉग, कॅप, मुठी, पातं, आणि शेवटच्या रकान्यात भाव. तो रकाना तुम्ही बघेपर्यंत कोराच ठेवणार आहोत. 57 चे वाढीव पंख तुमच्या ओळखीच्या एखाद्या शॉपच्या भंगारात दिसले तर तेवढं कळवा.

आपले,
रंध्यांची यादी करणारी मंडळी