रामसेंच्या भुतांना हसण्यावारी नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं जुन्या चित्रपटांवरचं लिखाण मी आवर्जून वाचतो. पण त्यात हिंदी भुताटकीचे चित्रपट काढणाऱ्या रामसे बंधूंचं नाव आलंच तर ते थट्टेपुरतं येतं. रबरी मुखवटे, करकरणारे दरवाजे, झालं. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे पत्र.

मी वाईचा. वीसेक वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना केली. चार स्पॉट, उजेड कमी-जास्त करणारे दोन डिमर आणि दिव्यांवर लावायच्या रंगीत जिलेटिन पेपरचे तुकडे एवढ्या सामानावर आम्ही राजवाडाही उभा केला आणि स्मशानही. त्यामुळे रामसेंचा १९८४ चा ‘पुराना मंदिर’ बघताना माझी नजर भुताच्या आधी दिव्यांवर जाते. एकीकडून निळा झोत, दुसरीकडून लाल, कोपऱ्यात कुठेतरी हिरवा आणि मधे घाबरलेला चेहरा तेवढा उजळलेला. मध्यरात्री हवेलीत लाल उजेड आला कुठून, असा प्रश्न बघताना पडतच नाही. उरलेलं सगळं अंधारात ठेवलेलं असतं आणि अंधाराला पैसे पडत नाहीत! सामान कमी असलं की काय दाखवायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, हे मी रंगमंचावर शिकलो. कॅमेऱ्यामागे असलेल्या गंगू रामसेंना ते पुरतं ठाऊक होतं.

या घराण्याची सुरुवातच बघा. १९७० साली वडील एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांचा एक प्रसंग होता आणि लोक तेवढ्यासाठी थिएटरात येत होते. त्यांची मुलं तुलसी आणि श्याम यांनी ते हेरलं. मग सातही भावांनी कामं वाटून घेतली. लेखन कुमारकडे, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे, दिग्दर्शन तुलसी-श्यामकडे. अख्खं कुटुंब आमच्या शेजारच्या महाबळेश्वरला जाऊन राहिलं आणि सुमारे साडेतीन लाखांत ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. तो १९७२ मध्ये लागला आणि चालला. घरचंच कार्य असल्यासारखं एकेकाने एकेक काम अंगावर घ्यायचं, हे आम्हा हौशी नाटकवाल्यांना सांगायला नको.

‘पुराना मंदिर’ मी पहिल्यांदा जत्रेतल्या तंबूत पाहिला, आईशेजारी पोत्यावर बसून. त्यातल्या सैतानी सामरीचं धड एकीकडे पुरलेलं, शिर दुसरीकडे पेटीत बंद आणि राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार असा त्याचा शाप. पडद्यावर ती पेटी आली की तंबूतली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. आईने पदर तोंडात धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही. बाळंतपणाची भीती त्या तंबूतल्या कुठल्या बाईला समजावून सांगावी लागणार होती?

सामरी झालेले अजय अगरवाल रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची आणि चेहऱ्याची ठेवणच अशी, की नुसते दारात उभे राहिले तरी पुरे. आपले सदाशिव अमरापूरकर आणि ललिता पवारही याच चित्रपटात आहेत. अमरापूरकरांचा ‘अर्धसत्य’ त्याच्या आदल्याच वर्षीचा, पण इथेही त्यांनी काम उरकून टाकलेलं नाही.

मधला विनोद लांबतो, हे मान्य. बायकांकडे बघण्याची कॅमेऱ्याची नजर काही ठिकाणी आज खुपते, तेही खरं. तरीही हे चित्रपट अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, खाली हसरे चेहरे टाकून बघायचे नव्हेत. पुतणीला मी घरातले दिवे घालवून सबंध चित्रपट दाखवला. पहिला अर्धा तास ती हसली. नंतर पाय वर घेऊन बसली आणि तो निळा रंग कसा आणला, हे विचारायला लागली.

मोबाईलवर मिळालेली प्रत मात्र इतकी विटकी होती, की निळा आणि हिरवा वेगळे ओळखू येईनात. ज्या चित्रपटांची सगळी मिळकत रंग आणि अंधार हीच, त्यांचे रंगच गेले तर राहिलं काय? तुलसी, श्याम, गंगू तिघेही आता नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने या चित्रपटांच्या चांगल्या प्रती जमवून ते मोठ्या पडद्यावर दाखवावेत आणि आपल्या पुरवणीने या मंडळींच्या कामावर, विशेषतः छायाचित्रणावर, एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती. खेळ रात्री उशिराचा असला तरी आम्ही वाईहून येऊ.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)