शुक्रवारची यादी

लेस्टर,
शनिवार

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेल मिळाला. मुक्ताने विचारलं, ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या आठवडी यादीत एकाच माणसाची सोळा गाणी एकदम पहिल्या विसात कशी? तो प्रश्न तू माझ्याकडे ढकललास आणि खाली उत्तरही स्वतःच देऊन मोकळा झालास: 'सगळी सेटिंग असते रे.' सोळा गाणी एका आठवड्यात आत घुसतात, म्हणजे कुणीतरी हात मारलाच असणार, असं तुझं म्हणणं. तिला सांग, बाबा निम्मे बरोबर आहेत. सेटिंग या धंद्यात होती, भरपूर होती. फक्त ती ज्या आठवड्याबद्दल विचारते, त्या आठवड्यात तिची गरजच पडली नाही.

मार्च 2017 ची गोष्ट ती. एड शीरनचा अल्बम आला, सोळा गाण्यांचा, आणि सोळाच्या सोळा ब्रिटनच्या पहिल्या विसात. पहिल्या दहातली नऊ त्याची. झालं असं की जुलै 2014 पासून इथे सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या, यादीत स्ट्रीमिंग धरायला लागले होते. आधी शंभर वेळा ऐकलं की एक विक्री, 2017 मध्ये दीडशे वेळा. पूर्वी अल्बम विकत घेणारा अल्बमच्या यादीत मोजला जायचा आणि सिंगल घेणारा सिंगलच्या. आता अल्बम लावून भांडी घासत बसलेला माणूस सोळाही गाण्यांच्या खात्यात थोडं थोडं टाकत जातो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. त्या शुक्रवारी बाकीच्या नव्या गाण्यांना वरती उभं राहायलाही जागा नव्हती. मग चार महिन्यांत नियम आला: मुख्य गायक म्हणून एकाची जास्तीत जास्त तीनच गाणी यादीत. ऐकणारे तेच, गाणीही तीच. तोच अल्बम ऑगस्टमध्ये आला असता तर मुक्ताला प्रश्नच पडला नसता.

म्हणून मला पहिल्या नंबराचं फारसं कौतुक नाही. मी आधी नवीन एंट्र्या बघतो. गाणं आत आलं, ते कुठल्या दारातून आलं, आणि ते दार कधी आणि कोणी उघडलं, यात खरी गंमत असते.

पहिलं दार तर निव्वळ टेलिफोनचं होतं. 14 नोव्हेंबर 1952 ला 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने ब्रिटनमधली पहिली यादी छापली. त्यांचा जाहिरातींचं बघणारा माणूस, पर्सी डिकिन्स, त्याने वीसेक दुकानांना फोन करून विचारलं, काय खपतंय? यादी पहिल्या बारांची, पण काही क्रमांकांवर बरोबरी झाल्यामुळे गाणी निघाली पंधरा. सगळ्यात वर अल मार्टिनो या गायकाचं गाणं. त्या आठवड्यात अर्थातच सगळीच नवीन एंट्री!

आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांत, 3 डिसेंबरला, रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. तिचं श्रेय निम्मं तरी आपल्या पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांना द्यायला हवं. ते माहितीमंत्री, त्यांना फिल्मी गाणी सवंग वाटायची, आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि कोलंबोचं फावलं. अमीन सयानी मुंबईत रेकॉर्डिंग करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून बुधवारी रात्री आपल्या घरात. पुढे गाण्यांचे क्रमांक लागायला लागले, ते दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर. तुझ्या दादाचा संघ आठवतो ना? चार पोरं, एक रबरी शिक्का आणि सभासदांच्या यादीत गल्लीतल्या सगळ्या आज्या. सेटिंगबद्दल तू बोलूच नकोस.

इथली सेटिंग जरा खर्चिक होती. यादीसाठी ठरावीक दुकानांचेच आकडे घेत. ती दुकानं कुठली, हे कंपन्यांना कळलं की त्यांची माणसं नेमकी तिथे जाऊन आपलीच रेकॉर्ड विकत घेत. पन्नाससाठच्या पुढे घुटमळणारं गाणं पहिल्या चाळिसात आणायला तेवढं पुरायचं, आणि चाळिसात आलं की रेडिओवर वाजायचं, मग खरे गिऱ्हाईक यायचे. 1983 मध्ये मोजणी गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे गेली, दुकानात यंत्रं बसली, तेव्हा हा धंदा अवघड झाला.

मी नव्वदच्या दशकात इथे आलो तेव्हा पद्धत निराळी. रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर यादी लागायची आणि दर आठवड्याला कोणीतरी थेट पहिल्या नंबरावर. आधी असं नव्हतं. 1958 च्या जानेवारीत एल्व्हिस प्रेस्लीचं गाणं आल्या आल्या पहिलं आलं, तेव्हा तो चमत्कार होता, कारण गाणं खालून पायरी पायरीने चढायचं. माझ्या वेळी गाणं चार-सहा आठवडे आधीच रेडिओवर वाजवून ठेवत, लोक ताटकळत, मग सोमवारी सिंगल दुकानात. पहिल्या आठवड्यात एक-दोन पौंडांना, नंतर जवळजवळ चार पौंडांना. ज्याला घ्यायचंय तो त्याच आठवड्यात घेणार. त्यामुळे गाणं तिसऱ्यावर आलं, पुढच्या रविवारी चौदावं, त्यानंतर दिसेनासं. मला त्या काळातली कितीतरी 'हिट' गाणी आज गुणगुणताही येत नाहीत.

पण विन्या, मला तुला खरं सांगायचंय ते आमच्या बेलग्रेव्ह रोडबद्दल. साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं, आणि मधेमधे कॅसेटवाले. अलाप, हीरा या भांगडा बँडच्या कॅसेटी तिथे, लंडनच्या साउथॉलमध्ये, बर्मिंगहॅमच्या सोहो रोडवर ढिगाने खपायच्या. लग्नात दुसरं काही वाजायचंच नाही. ब्रिटनमध्येच तयार झालेलं, ब्रिटनमध्येच खपणारं संगीत, आणि राष्ट्रीय यादीत नावाला नाही. कारण साधं: वाणसामान आणि कॅसेट एकत्र विकणारी ही दुकानं मोजणीत धरलेलीच नव्हती. तिथे हजारो विकले काय आणि शून्य विकले काय, यादीला दोन्ही सारखंच. याला मी सेटिंग म्हणणार नाही, पण सेटिंगपेक्षा हे मला जास्त खुपतं. कोणी मुद्दाम दार लावलं नव्हतं. भिंतीत दार ठेवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

आणि मग याच लेस्टरमधून निघालेला एक बँड, कॉर्नरशॉप, म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. नाव बघ काय घेतलंय! तजिंदर सिंगने गाणं लिहिलं 'ब्रिमफुल ऑफ आशा', म्हणजे आपल्या आशाताईंवर, पार्श्वगायनावर, जुन्या तबकड्यांवर. ऑगस्ट 1997 मध्ये आलं आणि साठाव्या क्रमांकावर जाऊन विरलं. नॉर्मन कुक या डीजेने त्याचा वेग वाढवून, ठेका भरून रीमिक्स केलं, आणि फेब्रुवारी 1998 मध्ये तेच गाणं थेट पहिल्या नंबरावर! सांगलीच्या मंगेशकरांच्या मुलीचं नाव त्या आठवड्यात सगळा ब्रिटन घेत होता, ती कोण हे निम्म्यांना माहीत नसताना. मूळ गाणं मला रीमिक्सपेक्षा आवडतं, निवांत आहे. पण रीमिक्स नसतं तर मला मूळही कळलं नसतं, हेही खरं. पुढे जानेवारी 2003 मध्ये पंजाबी एमसीचा 'मुंडियां तो बच के' अख्खा पंजाबीत थेट पाचवा आला. बीबीसी एशियन नेटवर्क या रेडिओ केंद्रासाठी वेगळी एशियन यादी निघायला मात्र 2010 उजाडलं.

आता यादी शुक्रवारी लागते, 2015 पासून. संध्याकाळी चारला इथे, म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे साडेआठ. नवीन एंट्र्यांचे हाल आता उलटेच आहेत: जुनी गाणी हलायला तयार नाहीत. रेकॉर्ड माणूस एकदाच विकत घ्यायचा, ऐकतो मात्र वर्षानुवर्षं. डिसेंबर आला की यादीभर ख्रिसमसची जुनी गाणी. वॅम या जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' 1984 मध्ये दुसऱ्या नंबरावर अडकलं होतं, ते पहिलं आलं 1 जानेवारी 2021 ला! म्हणून जुन्या आणि उतरणीला लागलेल्या गाण्यांचं ऐकणं निम्म्या भावाने धरतात. पण 2022 मध्ये केट बुशचं 1985 चं गाणं एका मालिकेमुळे घराघरात गेलं, तेव्हा यादीवाल्यांनी त्याला या नियमातून सूट दिली आणि जूनमध्ये ते पहिलं आलं. मला तो निर्णय योग्य वाटला. ज्या पोरांनी ते ऐकलं त्यांच्यासाठी ते नवीनच होतं. आणखी एक तुझ्यासाठी: 2018 मध्ये ठरलं की पैसे भरणाऱ्याने शंभर वेळा ऐकलं काय आणि जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्याने सहाशे वेळा ऐकलं काय, किंमत एकच. आपण दोघं जन्माचे सहाशेवाले.

मराठी गाणं इथे कधी येणार, हेही मुक्ताने विचारलंय. 2024 मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आमच्या गणपतीत इतकं वाजलं की शेवटी मीच स्पीकरची वायर काढली. पण मंडळाच्या स्पीकरवर दोनशे माणसं नाचली तरी ते एकच ऐकणं, रीलांवरचे आकडे या यादीत धरत नाहीत आणि भारतातलं ऐकणं इथे मोजत नाहीत. इथली मराठी घरं एकजुटीने कामाला लागली तरी सध्या अवघड दिसतंय. तिला म्हणावं, येत्या शुक्रवारी यादी उघडून फक्त नवीन आलेली गाणी बघ, आणि त्यातलं प्रत्येक कशामुळे आलं, अल्बममुळे, मालिकेमुळे की कुठल्या नाचामुळे, ते शोधून मला लिही. तिचा अंदाज आणि माझा जुळला नाही तर भांडू.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, ते कळव. तारीख मार्चमधली असेल तर मी तिकीट त्याप्रमाणे काढतो, तुला एकट्याला दवाखान्याच्या फेऱ्या जमणार नाहीत. वहिनींना सांग, भाजणी व्यवस्थित पोचली, अर्धी संपलीसुद्धा.

तुझा,
सुध्या