शाळेच्या तपासणीत वजनकाट्यासोबत टेप पण ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी लातूरला 31 वर्षांपासून टेलरिंग करतो, निम्मं काम शाळेच्या युनिफॉर्मचं. मागं आपल्या पेपरात वयात येणाऱ्या मुलांमधल्या मेटाबॉलिक सिंड्रोमची (म्हणजे पोटाचा घेर वाढणं अन् सोबत रक्तातली साखर, चरबी, बीपी बिघडणं) बातमी आली होती, आतल्या पानावर चार ओळी, पण मी ती कापून मशीनच्या ड्रॉवरमधी ठेवली, कारण त्यात जे लिहिलंय ते मी रोज टेपवर बघायलोय.

आधी नववीच्या पोराची कमर 26 भरायची, लई झालं तर 28. पॅन्टीला मागं दीड इंच माया (शिवणीत जादा कापड) सोडायची, दोन वर्षं त्यातच निघायची. आता जूनमधी शिवलेली पॅन्ट दिवाळीलाच "काका थोडी ढिली करा" म्हणून परत येते अन् माया संपलेली असते. बरं पोरगं सगळीकडूनच भरलं असतं तर समजलो असतो, पण शोल्डर तेवढंच, दंड काडीसारखे, मांडी बारीक, वाढ फक्त पोटावर. शर्ट छातीला ढगळ अन् खालची दोन बटनं ताणलेली. नुसतं कपड्यात बघितलं तर अशा पोराला कोणी जाड म्हणणार नाही.

माझा भाचाच घ्या. अहमदपूरकडच्या खेड्यातला, अकरावीला क्लाससाठी इथं आणला, आता 17 चा आहे. घरी होता तोवर ज्वारीची भाकरी अन् शेतातली पायपीट, इथं मेसच्या पोळ्या, भात, आलूची भाजी, सकाळी सहापासून बसून अभ्यास, रात्री जागायचं म्हणून चहा-खारी नाहीतर कोल्ड्रिंक (250 मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते, आपण घरी चहात कुणाला एवढी घालू देऊ का?). त्याची मान काळी पडली होती तर ताई म्हणे अंघोळ नीट करत नाही, लिंबू-बेसन लावून घासून घासून पोराची कातडी सोलायची बाकी ठेवली. शेवटी तापासाठी डॉक्टरकडं नेलं तर त्यांनी ताप राहिला बाजूला, आधी मानच बघितली, म्हणाले हा मळ नाहीये, शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की मानेवर अन् काखेत असं काळं पडतं, उद्या उपाशीपोटी रक्त द्या.

शुगर 108, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली एक चरबी 212, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 34. बीपी नॉर्मल. पोटाचा घेर 92 सेंटीमीटर. डॉक्टरांनी सांगितलं की 16 च्या पुढच्या आपल्याकडच्या मुलाचा घेर 90 किंवा त्याच्यावर असला, अन् ट्रायग्लिसराईड 150 च्या वर, एचडीएल 40 च्या खाली, बीपी 130/85 च्या वर, उपाशीपोटी शुगर 100 च्या वर, यातलं कोणतंही दोन निघालं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. ह्याच्यात तीन निघाले. अन् वजन किती? 66 किलो, उंची साडेपाच फूट. दहावीला असताना शाळेत तपासणी झाली होती तेव्हा उंची घेतली, वजन घेतलं, कार्डावर नॉर्मल लिहून दिलं, अन् ते कार्ड ताईनं अजून देवघरात जपून ठेवलंय.

आता हे किती पोरांत असेल, तर माझ्या पोरीनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेत 1988 ते 94 च्या सर्व्हेत 12 ते 19 वयाच्या मुलांत 6.1 टक्के अन् मुलींत 2.1 टक्के निघालं, पण जे लठ्ठ होते त्यांच्यात जवळपास 29 टक्के. दुसरीकडं दुसरेच आकडे दिसतात कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी, म्हणजे आमच्या धंद्यासारखंच, एकाच गिऱ्हाईकाचं माप दोन शिंप्यांचं कधी जुळत नाही. मला धक्का बसला तो आपल्या देशातल्या आकड्यांनी. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्व्हेत 10 ते 19 वयाची जादा वजनाची लेकरं साधारण 5 टक्के, पण डायबिटीसच्या उंबरठ्यावरची 10 टक्के. म्हणजे काटा 5 दाखवायलाय अन् रक्तात दुप्पट निघायलेत, मग बाकीची गेली कुठं? ती माझ्या दुकानात येतात साहेब, बारीक दंडाची.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कधीपासून सांगायलेत. त्यांचा अन् एका इंग्रज डॉक्टरांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा) सारखाच, 22.3, तरी याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के अन् त्या साहेबाच्या 9.1, असा दोघांचा फोटोच 2004 साली छापून आला होता. वरून वयात येताना मुलींची चरबी जास्त करून मांड्या-कुल्ल्यांवर जाते, मुलांची पोटावर बसते, अन् पोटातलीच चरबी जास्त वाईट. पण आपल्याकडं पोराचं पोट सुटलं की आजी म्हणते खात्यापित्या घरचं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की शाळेत, क्लासमधी, होस्टेलला तपासणी होते तेव्हा काट्याशेजारी टेप पण ठेवा. माप बेंबीच्या जरा वर, शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड याच्या मधोमध घ्यायचं, पॅन्ट जिथं बसते तिथं नाही, कारण आजकाल पॅन्टी इतक्या खाली घालतात की 36 च्या पोटाला 32 ची पॅन्ट चालून जाते. पोरं पोट आत ओढतात, सगळीच ओढतात, त्यांना श्वास सोडायला सांगायचा अन् मग टेप बघायची. लहान पोरांसाठी 90 चा आकडा चालत नाही, तिथं डॉक्टरांकडं वयानुसार तक्ता असतो, पण घरी बघायचं तर उंचीएवढी सुतळी घ्या, दुपदरी करा अन् पोटाभोवती लावा, टोकं भिडली नाहीत तर डॉक्टरकडं न्या.

अन् एक, माप मोठ्यानं सांगू नका. वर्गात कुणी "ढोल्या, 36" असं ओरडलं की ते पोरगं परत तपासणीला येत नाही. मी तर वहीत लिहितो, बापाला पण दुकानाच्या बाहेर नेऊन सांगतो.

भाचा आता सकाळी तासभर चालतो, मेसवाल्या मावशींना सांगून भाकरी लावली, कोल्ड्रिंक बंद (असं तो म्हणतो). परवा माप घेतलं, 89 भरलं, रक्त पुढच्या महिन्यात द्यायचंय. अन् कोणत्या शाळेला मापाला माणूस पाहिजे असला तर जून सोडून कधीही बोलवा, टेप घेऊन येतो, पैसे नकोत.

आपला,
एक टेलर, लातूर