नाकारलेल्या फोटोंचीही विचारपूस व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो येतात, ते मी आवडीने पाहते. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव असतं आणि त्याला लागून कॅमेऱ्याचं किंवा मोबाइलचं मॉडेल. नाव जरूर छापा. मॉडेल मात्र गाळावं आणि त्या जागेत फोटो काढणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, हे सुचवायला पत्र लिहिते आहे. उजेड कुठून येत होता आणि त्याच विषयाचे बाकीचे फोटो बाजूला ठेवून नेमका हाच का पाठवला, एवढं त्या दोन ओळींत आलं तरी पुष्कळ.

मॉडेलचं नाव वाचून वाचकाच्या पदरात काय पडतं? फार तर नवीन खरेदीची हुरहुर. हिशेब करून पाहा. इंचाला ३०० ठिपके धरले तर ६ बाय ४ इंचांच्या प्रिंटला १८०० गुणिले १२००, म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात. १२ बाय ८ इंचांना ८६ लाख. फोर-के टीव्हीचा अख्खा पडदा ८३ लाखांत भरतो. म्हणजे कपाटात पडलेला जुना १२ मेगापिक्सेलचा (१ कोटी २० लाख पिक्सेलचा) कॅमेराही हौशी माणसाची गरज भागवून वर उरतो. कोडॅक या फिल्म-कॅमेऱ्यांच्या कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्यात १०० गुणिले १०० असे अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून इथवर आल्यावर पिक्सेलची अडचण केव्हाच संपली आहे. अडचण उरली आहे ती निवडीची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात झाली. जमाना फिल्मचा. डार्करूमच्या लाल दिव्यात फिल्म धुवायची, वाळवायची. पण वाया गेलेली फिल्म फेकायची नाही. ती एका खोक्यात जायची आणि महिनाअखेर खोकं उघडून कारणवार गठ्ठे लावायचे: काळी पडलेली, फिकी राहिलेली, रुग्ण हलल्यामुळे धूसर झालेली, कोन चुकलेली. याला रिजेक्ट अॅनालिसिस म्हणतात. कोणाला धारेवर धरायचं म्हणून ते नसे. हललेल्या फिल्म वाढल्या की समजायचं, रुग्णाला श्वास रोखायला सांगताना आपली घाई होते आहे. फिक्या वाढल्या की डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, बदलायला झाला.

निवृत्तीनंतर भाच्याने त्याचा जुना कॅमेरा दिला, तेव्हा ही सवयही बरोबर आली. फोटो उडवायच्या आधी मी त्याचं कारण सांगते. मोठ्याने. (घरात कोणी नसेल तेव्हा.) हलला. फोकस कानावर बसला. आभाळ जळालं, म्हणजे नुसतं पांढरंफेक आलं. डोक्यातून विजेचा खांब उगवला. डिजिटलमध्ये फोटो फुकट पडतो, म्हणून माणसं धडाधड काढतात आणि तितक्याच धडाधड पुसतात. मग तीच तीच चूक वर्षानुवर्षं होत राहते, कारण तिला नावच मिळालेलं नसतं.

यांत्रिक चुका तशा लवकर आटोक्यात येतात. हललेल्यांचा गठ्ठा मोठा निघाला तर शटरचा वेग वाढवायचा. जुना ठोकताळा असा की ५० मिमीच्या लेन्सला निदान १/५० सेकंद, २०० मिमीला १/२०० (मिमी जितके जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं), आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान असेल तर वेग त्याच्या दीडपट. लेन्समध्ये कंप सावरणारा स्टॅबिलायझर असला तर सवलत मिळते, पण ती आपल्या हातापुरती. पळणाऱ्या पोराला तो थांबवत नाही. पांढऱ्या भिंतीपुढचे फोटो राखाडी येत असतील तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं गृहीत धरूनच तो उजेड मोजतो. म्हणून पांढरं मळकट येतं आणि काळ्या मांजराचा फोटो धुरकट. फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक करून पाहा. मोबाइलवर बहुधा पडद्याला बोट लावलं की शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो वर-खाली सरकवला की तेच काम होतं.

हे सगळं निस्तरल्यावर सगळ्यात मोठा गठ्ठा उरतो तो निराळाच. फोकस बरोबर, उजेड बरोबर, क्षितिज सरळ, आणि फोटोत काहीच नाही. आमच्या विभागात असा गठ्ठा कधी नव्हता, कारण काय पाहायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे: डावा खांदा, दोन बाजूंनी. हौशी माणसाला अशी चिठ्ठी कोणी देत नाही. ती त्याने स्वतःच लिहायची असते, आणि शटर दाबण्याआधी. ‘संध्याकाळ’ ही चिठ्ठी नव्हे. ‘परत निघालेल्या माणसांच्या लांब सावल्या’ ही चिठ्ठी.

उदाहरण देते. थोरली बहीण खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. उजेड डावीकडून, पडद्यातून गाळून आलेला. माझी चिठ्ठी होती: दोऱ्याचं टोक आणि तिचे ओठ. ५० मिमीची लेन्स, २.८ अॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं आणि फोकसची खोली कमी), १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४००. मागच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं तर दोऱ्याचं टोक स्वच्छ आणि ओठ मात्र पार विरघळलेले. माझी चिठ्ठीच निम्मी खोडली गेली. मग अॅपर्चर ५.६ केलं. उजेड चौपट कमी झाला, तो भरून काढायला शटर १/१२५ वर आणि आयएसओ ८०० वर नेला. ओठ अजूनही जरा मऊ होते, पण दुमडलेले आहेत हे कळत होतं. तिच्या डोक्यामागे स्विचबोर्ड येत होता. अर्धं पाऊल उजवीकडे सरकल्यावर तो झाकला गेला. कॅमेरा बदलून यातलं काहीही सुधारलं नसतं.

मग निवड. एका फोटोत दोरा ओवला गेला आहे आणि ताईचा चेहरा सैल झालाय. कोणालाही आवडेल असा. दुसऱ्यात दोऱ्याचं टोक फाटून दोन केस झालेत, सुईच्या नेढ्यापासून नखभर दूर, आणि तिने श्वास धरलाय. मी दुसरा ठेवला. पहिल्यात काम उरकलेलं आहे, पाहणाऱ्याने पुढे करायचं काय? पण ही समज मला त्याच संध्याकाळी आली नाही. काढल्या दिवशी आपल्याला फोटो दिसतच नाही, काढतानाची मजा दिसते. आठवडाभर फाइल उघडायची नाही, हा माझ्यापुरता नियम.

मोबाइलवाल्यांना हलकं लेखण्याचं मला कारण दिसत नाही. त्याची मुख्य लेन्स पसरट असते, कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २८ मिमीच्या तोडीची, म्हणून चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठं येतं. दोन पावलं मागे व्हा आणि दुप्पट झूम वापरा. नाकाचा दोष लेन्सपेक्षा अंतराचाच असतो. आणि काच पुसा. निम्मे ‘स्वप्नाळू’ फोटो बोटाच्या तेलाचे असतात.

‘एडिटिंग केलेला फोटो म्हणजे फसवणूक’ असं म्हणणारी मंडळी आहेत. त्यांना एवढंच सांगेन की जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, कॅमेऱ्याने एडिटिंग करूनच फोटो दिलेला असतो: रंग, धार, उजेड त्याच्या मर्जीने ठरवून. १४ बिटची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या देऊ शकते. जेपेगमध्ये एका रंगाला २५६ उरतात. सावलीतला चेहरा थोडा उजळायचा असेल तर रॉमध्ये जागा असते, जेपेगमध्ये लवकरच पट्टे पडायला लागतात. उजेड कमी-जास्त करणं, कडा कापणं मला मान्य. दुसऱ्या दिवशीचं आभाळ आणून चिकटवणं मान्य नाही. निदान त्या दोन ओळींत तसं लिहावं. आणि एडिटिंगमधली रंग वाढवायची पट्टी जिथे छान वाटते तिथून निम्मी मागे घ्यावी.

छापलेल्या फोटोचा मात्र मी पक्का पुरस्कार करते. अधूनमधून एखादा फोटो कागदावर काढून घ्यायचा आणि कपाटाच्या दारावर चिकटवायचा. भडक सूर्यास्त चार दिवसांत नकोसा होतो. एखादा मुका वाटलेला फोटो महिनाभर टिकतो, आणि का टिकला हे शोधताना पुढच्या फोटोची चिठ्ठी सुचते. लाइक मोजून यातलं काही कळत नाही, तिथे मंडळी फोटोपेक्षा ओळखीला दाद देतात.

आपल्याकडून आणखी एक करता येईल. ‘आपले उत्तम छायाचित्र पाठवा’ या आवाहनावर सूर्यास्तच येणार. त्याऐवजी महिन्याला एक विषय द्या, तोही कोणाच्याही घरात सापडेल असा: जिना, कामात गुंतलेले हात, एकाच खिडकीचा सकाळचा आणि दुपारचा उजेड. प्रवासाची ऐपत असणारा आणि अंथरुणाला खिळलेला, दोघंही एकाच रांगेत येतील. फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात मागवा, मेसेजमधून आलेला आकसलेला असतो. मात्र मूळ फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात, तेव्हा संकेतस्थळावर चढवण्याआधी ते काढून टाकावेत. लोक आपल्या घरातले फोटो पाठवणार आहेत.

आणि त्या दोन ओळींना तिसरी जोडता आली तर: ज्या व्यक्तीचा फोटो आहे तिला तो दाखवला का, आणि छापायला तिची हरकत नाही ना? मी ताईला दोन्ही फोटो दाखवले. छापायला तिची हरकत नाही, पण श्वास धरलेला तिला अजिबात पसंत नाही. त्यात मी म्हातारी दिसते म्हणाली. दोरा ओवून झालेला तिने मागून घेतला, तो तिला मोठा करून दिला आहे. पुरवणीकडे पाठवताना कोणता पाठवायचा, यावर आमची बोलणी चालू आहेत.

आपली,
एक वाचक (निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ)