एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टर आणि मावशींना थँक्यू

नावं लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण आमची पोरगी १४५० ग्रॅमची जन्मली तेव्हा तिला हात लावायचीसुद्धा भीती वाटायची, आणि तुम्ही अंगठी-घड्याळ काढायला लावून, कोपरापर्यंत हात धुवायला लावून सरळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलंत तिला, बापाच्या! कांगारू केअर म्हणे, १९७८ ला कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर कमी पडायचे म्हणून सुरू झालेलं.

मालिश मात्र रात्रपाळीच्या सिस्टरनी शिकवलं. दूध दिल्यावर लगेच नाही, तेल आधी आपल्या तळहातावर कोमट करायचं, हात फिरवायचा तो जरासा दाब देऊनच कारण नुसतं वरवर फिरवलं की गुदगुल्या होतात आणि बाळ दचकतं, आणि रंग बदलला किंवा अंग ताणलं की थांबायचं. वजन थोडंसं वाढलं तरी आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त खूश!

आणि हो, आमच्या आईला टाळू भरायची, नाकात तेल सोडायची भारी घाई, तिला अजिबात न दुखावता "आजी, नाकात तेल नको हं, फुफ्फुसात जातं" असं समजावणाऱ्या मावशींना स्पेशल थँक्यू, माझं तर ती कधीच ऐकत नाही.